आम्ही खफजीचे बेसबॉल कोच

आखातातून परतलेल्या माणसाच्या घरी दोन गोष्टी साठतात, खजुराचे डबे आणि किस्से. खजूर निदान येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर ठेवता येतो. किस्सा सांगायला मात्र माणूस धरून बसवावा लागतो, चहा पाजावा लागतो, आणि ऐन रंगात आलं की आतून बायकोचा आवाज येतो, "अहो, मागच्या वेळी हा वेगळा सांगितला होतात!"

तरी सांगतो. चिपळूणला परत आल्यापासून लोक विचारतात, "सौदीत काय केलंत हो साळवी, इतकी वर्षं?" मी म्हणतो, "इन्स्ट्रुमेंट वर्कशॉप सांभाळलं आणि बेसबॉल शिकवला." पहिल्या गोष्टीला ते मान डोलावतात. दुसरी ऐकली की कप खाली ठेवतात.

अल खफजी म्हणजे अगदी कुवेतच्या सीमेजवळचं गाव. समुद्रात तेलाच्या विहिरी, किनाऱ्यावर आमची कंपनी आणि कंपनीत जपानी साहेबलोक. आपण कोकणी माणसं जिथे जाऊ तिथे मसाल्याची पिशवी नेतो, तसा जपानी माणूस जिथे जाईल तिथे बेसबॉल नेतो. कॉलनीच्या मागे वाळू दाबून, तिच्यावर तेलकट माती पसरून त्यांनी ग्राउंड केलं होतं. दर वर्षी थंडी संपली की सराव सुरू व्हायचा आणि उन्हाळा पेटायच्या आत एक मोठी मॅच व्हायची. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका कंपनीतले अमेरिकन लोक टीम घेऊन यायचे आणि आम्हाला मनसोक्त धुऊन जायचे.

मी सांगतोय ते दिवस सौदायझेशनचे. म्हणजे कंपनीत सौदी पोरं भरायची, त्यांना आपण शिकवायचं, आणि ती तयार झाली की आपण खलास! ट्रेनिंगचे प्रमुख अबू नासर (यांच्या तोंडी मी कायम 'सलवी') यांनी मला पहिल्याच दिवशी समोर बसवून, खजूर देऊन, प्रेमाने सांगितलं होतं, "सलवी, या बॅचमधला जो तयार होईल तो तुझ्या खुर्चीवर. तोपर्यंत तू."

मला एक वर्ष हवं होतं. एकच. माझी मुलगी सई तिथल्या इंडियन स्कूलमध्ये नववीत होती. दहावी झाली असती की मी स्वतःच बॅगा भरल्या असत्या. पण ऐन दहावीत पोरीला उचलून चिपळूणच्या शाळेत टाकायची माझी तयारी नव्हती. ही गोष्ट बायकोला ठाऊक होती, आमच्या मेसवाल्या इक्बालभाईला ठाऊक होती, आणि मी ती कुणालाच सांगितलेली नाही अशी माझी समजूत असल्यामुळे साऱ्या खफजीला ठाऊक होती.

*

मी कोच कसा झालो ते आधी सांगतो.

इशिदा-सान हे आमच्या प्लांटचे मोठे साहेब आणि बेसबॉलचे सर्वेसर्वा. त्या वर्षी त्यांचा खांदा गेला. त्यात वरून फर्मान आलं की क्लबची टीमसुद्धा आता सौदी ट्रेनी पोरांचीच हवी. इशिदा-साननी मीटिंगमध्ये विचारलं, "या मुलांना शिकवायला कुणाला बॉल टाकता येतो?"

मी हात वर केला. का केला, देव जाणे! म्हणालो, "मी तालुक्याच्या क्रिकेट टीममध्ये होतो, सर. फास्ट बोलर."

मागे चहाचा ट्रे घेऊन इक्बालभाई उभा होता. हा श्रीवर्धनचा, माझा जिवलग, म्हणजे माझं वाटोळं करायला कायम तयार. तो सगळ्यांना समजावं म्हणून मुद्दाम इंग्रजीत म्हणाला, "सर, हा टीममध्ये पाणी न्यायचा. फक्त पाणी!"

सगळी मीटिंग हसली. इशिदा-सान हसले नाहीत. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. "आमच्याकडे पाणी नेणाऱ्यापासूनच सुरुवात होते," ते म्हणाले. "जो पाणी नेतो त्याने खेळ नीट पाहिलेला असतो. साळवी-सान, तुम्ही कोच."

इक्बालभाई बाहेर आल्यावर मला म्हणाला, "मेल्या, मी तुला वाचवत होतो!"

*

पहिला सराव. समोर ट्रेनी पोरं ओळीने उभी. सकाळी याच पोरांना मी वर्कशॉपमध्ये व्हॉल्व्ह उघडून दाखवायचो. दोन नावं लक्षात ठेवा, बाकीच्यांची गरज नाही. एक तुर्की. हा झोपेतसुद्धा बोलत असावा. दुसरा फहद. हा दिवसाला मोजून चार वाक्यं बोलायचा आणि चारही प्रश्न असायचे.

आम्हा सगळ्यांची भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी, त्यात अरबीची फोडणी. मी म्हटलं, "बघा. बॉल आला, मारला, पळायचं. यल्ला!" आणि करून दाखवायला बॅट हातात घेतली.

इशिदा-साननी दुखऱ्या खांद्याने हळूच बॉल टाकला. मी मारला. चांगला बसला! आणि मी जो सुटलो तो बॅट घेऊनच. वीस-पंचवीस वर्षांची सवय! फर्स्ट बेसपाशी पोचलो आणि खाली वाकून, पूर्ण ताणून, बॅट टेकवली. वर इशिदा-सानकडे बघून 'आत आलो ना' असं विचारलंसुद्धा.

बेसबॉलमध्ये बॉल मारला की बॅट तिथेच टाकून पळायचं असतं. हे मला ठाऊक होतं. माझ्या हाताला ठाऊक नव्हतं.

इशिदा-सान जवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "साळवी-सान, बॅट तिथेच ठेवली तरी चालते. इथे कुणी घेत नाही."

बाहेरून इक्बालभाई ओरडला, "सर, तो कोकणातला आहे! आपली वस्तू टाकून जायचा नाही!"

यावर मी हसून वेळ मारून नेली. पण कोचने केलं ते बरोबर, असा पोरांचा ठाम समज. त्या दुपारी एकेक जण बॅट घेऊन पळाला आणि एकेकाने वाकून टेकवली. तुर्कीने तर दोन्ही हातांनी टेकवली. इशिदा-सान बाकावर बसले आणि त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

*

फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे वारा सुटतो. ग्राउंडवर चुन्याने आखलेल्या रेघा तासाभरात कुवेतला पोचायच्या. मला युक्ती सुचली. मी इक्बालभाईला म्हटलं, "मेसमधला मैदा दे. पाणी शिंपडून त्याच्या रेघा मारू. चिकटून बसतील."

"माणसांना रोटीला पुरत नाही नि तू जमिनीला खायला घालतोस?" म्हणत त्याने दिला. रेघा झकास बसल्या. पांढऱ्याशुभ्र! इशिदा-साननी फोटो काढला. मी कॉलर ताठ केली.

दुसऱ्या दिवशी सराव रंगात आलेला. तुर्की थर्ड बेसवरून होमकडे निघाला, आता नुसतं सरळ पळत यायचं की रन मिळाला, आणि मध्येच थांबला. पाहतो तर कुंपणाच्या भगदाडातून बकऱ्यांचा कळप आत शिरलेला आणि पद्धतशीर रांगेत रेघ चाटत पुढे सरकतोय. म्होरकी बकरी होम प्लेटवर उभी.

मी ओरडलो, "तुर्की! पळ! हाकल तिला!"

तुर्की कमरेवर हात ठेवून म्हणाला, "कोच, ती माझ्या मामाची आहे. आणि ती माझ्या आधी पोचली!"

फहदने त्या दिवसाचा आपला एक प्रश्न तिथे वापरला. "कोच, मग रन कुणाच्या नावावर?"

*

एकदा सरावाला कुणीच आलं नाही. एकटा मी आणि बॉलची पिशवी. चौकशी केली तर कळलं, पोरं वाळवंटात गेलीत. थंडीत पाऊस बरा झाला की वसंतात तिथल्या जमिनीखाली फगा उगवतो. आपल्या अळंबीचा चुलतभाऊ म्हणा, पण दिसायला बटाट्यासारखा. तो शोधायला अख्खं गाव तंबू घेऊन बाहेर पडतं. इथे मॅच तोंडावर आली आणि ही पोरं बटाटे खणतायत!

माझा पारा चढला. गाडी काढली आणि विचारत विचारत त्यांच्या तंबूपर्यंत गेलो. वाटेत अरबी-इंग्रजी मिसळून भाषण तयार केलं. शिस्त, संघ, देश, सगळं त्यात होतं.

तुर्कीने मला लांबून पाहिलं आणि पळत आला. "कोच! या या! इथे जमिनीला तडा आहे, बघा. तडा दिसला की खाली असतो. खणा!"

"मी खणायला आलेलो नाही," मी म्हटलं. पण तडा खरंच होता. म्हटलं, एकदा बघू तरी. बोटाने माती सारली आणि हाताला गार, गोल, मऊसर असं काहीतरी लागलं! आता कोकणातल्या माणसाला जमिनीतून फुकट काहीतरी निघतंय म्हटल्यावर भाषण कुठे आठवतं? मी गुडघ्यांवर आलो. मग कोपरांवर. पोरं मागे, मी पुढे!

मागे गाडी थांबल्याचा आवाज आला. कोच दिसत नाही म्हणून इशिदा-सान स्वतः शोधत आले होते. त्यांना दिसलो तो मी असा, चार पायांवर, पाठमोरा.

"साळवी-सान," ते बराच वेळ पाहून म्हणाले, "हा व्यायाम कशासाठी?"

"पाठीसाठी, सर," मी म्हणालो.

त्यांनी बूट काढले, सॉक्स घडी करून बुटात ठेवले आणि माझ्या शेजारी गुडघे टेकून विचारलं, "तडा कसा ओळखायचा?"

बायकोने, मेधाने, त्या फग्याचं मालवणी मसाल्यात कालवण केलं. ज्याच्यापायी सराव बुडाला ते भाकरीबरोबर ओरपताना मला काडीची लाज वाटली नाही.

*

आता फहद.

हा पोरगा समुद्राच्या कठड्यावर बसून चुलतभावांबरोबर रिकाम्या डब्यांवर खडे मारत वाढलेला. एके दिवशी सगळे दमल्यावर तो म्हणाला, "कोच, मी टाकून बघू?" मी कॅचरच्या जागी बसलो. इशिदा-सान म्हणाले, "ग्लोव्ह घाला." मी म्हटलं, "सर, आम्ही कोकणात आंबेसुद्धा झाडावरून नुसत्या हाताने झेलतो."

फहदने बॉल टाकला. मला तो दिसलाच नाही. फक्त आवाज आला, आणि आवाज माझ्या हाडाचा होता.

मेधा कंपनीच्या दवाखान्यात नर्स. तिनेच प्लास्टरचा पाण्याचा टब पुढे ओढला आणि विचारलं, "कुणी मारला?"

"फहदने."

"म्हणजे जो तुमची खुर्ची घेईल असं तुम्हीच म्हणता, तोच? हात पण त्यानेच मोडला?"

"अगं, पण काय टाकला!" मी म्हणालो. हात ठणकत होता आणि मला हसू आवरत नव्हतं. खरं सांगतो, माझ्या हाताखालून असं काही निघेल असं मला जन्मात वाटलं नव्हतं. मेधाने माझ्याकडे पाहिलं आणि प्लास्टर जरा जास्तच घट्ट आवळलं.

खरी गंमत पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी प्लांटमधला एक मोठा व्हॉल्व्ह अडकला. वर्कशॉपमध्ये तो खोलून बसवणारा मी एकटा, आणि माझा उजवा हात गळ्यात. तेव्हा मी नुसता बाजूला उभा राहिलो आणि फहदने तो खोलला, साफ केला, बसवला, चालवून दाखवला. मला तोंड उघडावं लागलं नाही. नेमके त्याच वेळी अबू नासर पाहुण्यांना वर्कशॉप दाखवायला घेऊन आले!

"माशाल्ला!" ते दारातूनच म्हणाले. "सलवी, हा तर तयार झाला!"

सौदायझेशनमध्ये नोकऱ्या जाताना मी बऱ्याच पाहिल्या. पण नुसत्या हाताने कॅच घ्यायला जाऊन स्वतःची नोकरी घालवणारा, मला वाटतं, मी एकटाच असेन.

*

त्या आठवड्यात घरी सभा भरली. इक्बालभाई आपण होऊन अध्यक्ष.

"तू जरा कमी शिकव," त्याने सांगितलं. "चांगला कुक हाताखालच्याला सगळा मसाला सांगत नाही. एक जिन्नस ठेवतो."

मेधाचंही तेच मत पडलं. "चुकीचं नका शिकवू. फक्त हळू शिकवा. एवढं एक वर्ष निघालं की झालं."

मला पटलं. दुसऱ्या दिवशी मी मनाचा धोंडा करून वर्कशॉपमध्ये गेलो. फहदने विचारलं, "कोच, हा व्हॉल्व्ह बंद होताना थरथरतो का?" मी म्हटलं, "थरथरतो. त्याची सवय आहे." आणि गप्प बसलो. पाच मिनिटं बसलो. फहद व्हॉल्व्हकडे बघत राहिला. मला माझाच राग यायला लागला. सवय आहे? व्हॉल्व्हला कसली सवय? मला हे काम शिकवणाऱ्या आमच्या गुरुजींनी ऐकलं असतं तर! शेवटी राहवेना. खुर्ची ओढली, कागद घेतला, डाव्या हाताने चित्र काढलं आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत बोलत होतो. त्याने विचारलं नव्हतं तेही सांगितलं. आमच्या गुरुजींनी मला सांगितलं नव्हतं तेही सांगितलं.

संध्याकाळी घरी येऊन कबूल केलं. इक्बालभाईने कपाळाला हात लावला. मेधा पोळ्या लाटायला गेली.

सई अभ्यासाच्या पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "बाबा, यू आर सो बॅड ॲट बीइंग बॅड."

*

अबू नासर यांना एकदा लहर आली. पायघोळ पांढरा थोब, डोक्यावर घुत्रा, हातात जपमाळ, असे ग्राउंडवर आले आणि म्हणाले, "मी पण मारतो."

जपमाळ खिशात गेली, थोब एका हाताने वर धरला गेला, दुसऱ्या हातात बॅट. समोर तुर्की. वडीलधाऱ्या माणसाला आऊट करायचं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने इतका हळू बॉल टाकला की वाटेत त्याला कंटाळा आला असावा. अबू नासर यांची बॅट फिरली आणि बॉल मागे गेला. स्ट्राइक. दुसरा. स्ट्राइक. तिसरा. तोही मागे.

बेसबॉलमध्ये तीन स्ट्राइक म्हणजे आऊट. अंपायर कोण? गळ्यात हात अडकवलेला मी. माझं कॉन्ट्रॅक्ट कुणाच्या हातात? बॅट धरलेल्या माणसाच्या!

मी डावा हात आडवा केला आणि छातीठोकपणे म्हणालो, "नो बॉल!"

बेसबॉलमध्ये नो बॉल नसतो.

इशिदा-सान बाकावरून उठले. पुन्हा बसले. चौथा बॉल गेला. मी म्हणालो, "वारा फार आहे, धरत नाही." पाचवा गेला. मी म्हणालो, "पिचरचा पाय सरकला." तुर्की म्हणाला, "नाही सरकला, कोच." मी म्हणालो, "सरकला!" अबू नासर खूश. थोब सावरून पुन्हा उभे. सूर्य खाली चालला, पोरं उभ्या उभ्या पेंगायला लागली आणि बॅटिंग चालूच.

शेवटी इशिदा-सान माझ्याजवळ आले. "साळवी-सान, मी लहानपणापासून हा खेळ खेळतो. या बॅट्समनला आऊट करायचा नियम कोणता, सांगाल?"

तेवढ्यात मशिदीतून मगरिबची अजान झाली. अबू नासर यांनी लगेच बॅट खाली ठेवली, जपमाळ काढली आणि चालू लागले.

इक्बालभाई टोपी घालत माझ्या शेजारून गेला. "अल्हमदुलिल्लाह," तो पुटपुटला, "झाला एकदाचा!"

*

आणि मग ती मॅच.

अमेरिकन आले ते दोन बस भरून, बायकापोरांसह. शुक्रवारची दुपार, वारा पडलेला. ग्राउंडच्या कडेला गालिचे अंथरलेले, गहव्याच्या म्हणजे अरबी कॉफीच्या किटल्या, खजुरांची ताटं. अबू नासर मधोमध बसलेले. त्यांनी आदल्याच दिवशी मला बोलावून सांगितलं होतं, "मॅचनंतर सगळ्यांसमोर मी फहदचं नाव जाहीर करणार. तूही समोर राहा. तुझाही सन्मान आहे." मी "शुक्रन" म्हटलं. घरी आल्यावर मेधाने कपाटावरची मोठी बॅग खाली काढून पुसली. सईने ते पाहिलं आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. ते मला फार लागलं.

मॅचबद्दल जास्त सांगत नाही, नाहीतर मेधा आतून ओरडेल. एवढंच सांगतो की फहदने त्या दिवशी बॉल टाकला नाही, फेकला नाही, सोडला! एकेक दांडगा अमेरिकन येत होता आणि बॅट फिरवून, स्वतःभोवती गिरकी घेऊन परत जात होता. तरी खेळ शेवटच्या डावापर्यंत बरोबरीत आला. त्यांचे दोन गडी आऊट, तिसरा आऊट झाला की डाव संपला; एक गडी सेकंड बेसवर, आणि बॅटिंगला त्यांचा सगळ्यात धिप्पाड बाप्या. आधी दोनदा त्याने आमचा बॉल समुद्राच्या दिशेने पाठवला होता.

इशिदा-साननी बाकावरून हाताची चार बोटं दाखवली. फहदने मान हलवली आणि चार बॉल मुद्दाम लांब बाहेर टाकले. असे चार बॉल बाहेर पडले की समोरचा गडी न खेळता, चालत चालत फर्स्ट बेसला जातो.

माझा जीव खालीवर! "सर, हे काय? मारणाऱ्याला आपण होऊन जाऊ द्यायचं? आमच्या वाडीत असं केलं तर टीममधून काढतील!"

"जाऊ दे त्याला एक बेस," इशिदा-सान शांतपणे म्हणाले. "एक बेस म्हणजे मॅच नाही."

पुढच्या गड्याला फहदने तीन बॉलमध्ये घरी पाठवला. मग आमची पाळी आली आणि तुर्कीने डोळे मिटून मारलेला फटका कुठल्या कुठे गेला. त्याने बॅट तिथेच टाकली, हे विशेष! बेसवरचा आमचा गडी होमला पोचला आणि खफजीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा मॅच जिंकली. मी एका हाताने टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला. इक्बालभाईने मला उचलायचा प्रयत्न केला. दोन्ही जमलं नाही.

सगळे गालिच्यांवर बसले. गहवा फिरला. अबू नासर उभे राहिले. कंपनी, देश, तरुण पिढी असं सुंदर बोलले. मग म्हणाले, "फहद, पुढे ये."

फहद घामाने निथळत, वाळूने माखलेला, पुढे आला.

"आजपासून सलवीच्या खुर्चीवर तू बसायचं. तयार आहेस ना?"

माझ्या शेजारी मेधा होती. तिने माझ्या प्लास्टरवर हात ठेवला. मी मान खाली घातली, पण खोटं का बोलू, मला त्या पोराचा अभिमानच वाटत होता. दुःख होतं, आणि अभिमानही होता.

फहद म्हणाला, "नाही."

किटली घेऊन फिरणारा पोऱ्या जागच्या जागी थांबला. अबू नासर यांना वाटलं, मॅचच्या गोंगाटात आपणच नीट ऐकलं नाही. "नाही म्हणजे? परवा व्हॉल्व्ह तू एकट्याने बसवलास! मी डोळ्यांनी पाहिलं!"

"अजून शिकायचं राहिलंय."

अबू नासर माझ्याकडे वळले. "सलवी, काय शिकवायचं राहिलंय?"

आता माझ्यासारख्या माणसाला, ज्याने उभ्या ग्राउंडसमोर बेसबॉलमध्ये नो बॉल दिला, एक थाप सुचायला काय हरकत होती? पण शपथेवर सांगतो, काही म्हणजे काही सुचेना. माझ्याजवळचं सगळं मी त्याला देऊन बसलो होतो. मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. इक्बालभाई मागून कोपराने ढोसत होता, "बोल मेल्या, काहीतरी बोल!"

अबू नासर पुन्हा फहदकडे वळले. "सलवीला तर काही आठवत नाही. तू सांग. काय राहिलंय?"

फहद त्यांच्याकडे सरळ बघत, अगदी निरागसपणे म्हणाला, "ते कोचनी अजून शिकवलेलं नाही. मग मला कसं ठाऊक असणार?"

इशिदा-सान आपल्या टोपीच्या आत काहीतरी शोधत होते.

अबू नासर यांनी फहदकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मागे आईच्या शेजारी बसलेल्या सईकडे पाहिलं. हातातला गहव्याचा छोटा कप, आता पुरे म्हणताना हलवतात तसा, दोन बोटांत हलवला आणि पोऱ्याच्या हाती दिला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "याला कसं ठाऊक असणार? सलवी, एक वर्ष घे. आणि ते जे काय राहिलंय, ते नीट शिकव."